इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांना पगार कोण देतं?

घरातून निघताना तुम्ही यूट्यूबवर काहीतरी बघत असता. जिना उतरेपर्यंत वायफाय सुटतं, फोन मोबाइल डेटावर जातो, पण व्हिडिओ चालूच राहतो. पुढच्या काही सेकंदांचा व्हिडिओ फोनने आधीच साठवून ठेवलेला असतो, हे त्यामागचं एक कारण. दुसरं कारण जरा खोलात आहे. नेटवर्क बदललं तरी फोन आणि सर्व्हरमधलं कनेक्शन तुटू नये, अशी सोय 'क्विक' नावाच्या प्रोटोकॉलमध्ये मुद्दाम केलेली आहे. प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम. क्विकचे नियम मे २०२१ मध्ये 'आरएफसी ९०००' या नावाने प्रसिद्ध झाले. हा दीडशे पानांचा दस्तऐवज कोणीही फुकट डाउनलोड करून वाचू शकतं.

इंजिनिअरिंगला असताना मी टीसीपीच्या हँडशेकची आकृती पाठ करून पेपरात काढली होती. मार्कही मिळाले. पण हे सगळं ठरवतं कोण, आणि त्या माणसांचं घर कशावर चालतं, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. तो पडला नोकरीला लागल्यावर. आणि मागच्या वर्षी तर तो थेट माझ्या इनबॉक्समध्येच येऊन पडला. ती गोष्ट पुढे सांगते. आधी एका सोसायटीच्या मीटिंगला जाऊया.

सेक्रेटरी कोण होणार?

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सलग सहा वर्षं माझे बाबा होते. त्यांना हौस होती असं नाही. वार्षिक सभेत "नवीन सेक्रेटरी कोण?" असं विचारलं की सगळे हातातल्या हिशेबाच्या कागदात डोकं खुपसायचे. मग कोणीतरी म्हणायचं, "काकाच छान करतायत की!" टाळ्या व्हायच्या आणि फाइल परत आमच्याच घरी.

सुरुवातीला काम सोपं होतं. मेंटेनन्सच्या पावत्या, वॉचमनचा पगार, टँकर. मग लिफ्ट आली, सीसीटीव्ही आले, पार्किंगची भांडणं आली, ऑडिट आलं. पद तेच, मानधन तेच, म्हणजे शून्य, पण काम तिप्पट. आई म्हणायची, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजताय."

इंटरनेटचंही अगदी असंच चाललंय. तिथेही सेक्रेटरी आहेत, फाइल आहे, आणि कागदात डोकं खुपसून बसणारे हुशार लोकही आहेत.

आयईटीएफ म्हणजे काय?

इंटरनेटचे बरेचसे मूलभूत नियम इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, म्हणजेच आयईटीएफ, ही संस्था ठरवते. तिची पहिली बैठक जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला झाली. तेव्हा २१ जण हजर होते. आता वर्षातून तीन बैठका होतात, वेगवेगळ्या देशांत. हजारभर लोक प्रत्यक्ष येतात आणि शेकडो लोक ऑनलाइन असतात. मधल्या काळात सगळं काम ईमेलवर आणि ऑनलाइन बैठकांत चालतं.

या संस्थेची एक गंमत आहे. तिला सभासदच नाहीत. फॉर्म नाही, वर्गणी नाही, ओळखपत्र नाही. ईमेल पाठवून चर्चेत उतरलात की तुम्ही सहभागी. आणि इथे प्रत्येकजण व्यक्ती म्हणून बोलतो, कंपनीचा प्रतिनिधी म्हणून नाही, असा नियम आहे. वर्किंग ग्रुपमध्ये मतदानही होत नाही. खोलीतल्या लोकांचा कल बघायचा असेल तर चेअर म्हणतात, "हे मान्य असेल तर गुणगुणा." मग सगळे तोंड मिटून 'हंऽऽ' करतात. आवाज कुठल्या बाजूला जास्त हे ऐकायचं, आणि विरोध करणाऱ्यांचा मुद्दा खरंच सोडवला गेलाय का ते तपासायचं. ऑनलाइन बैठकांत आता यासाठी बटण असतं. पण तत्त्व तेच: हात मोजायचे नाहीत, मुद्दे तोलायचे.

प्रत्यक्ष काम वर्किंग ग्रुपमध्ये होतं. असे शंभराहून जास्त गट आहेत. एक एनक्रिप्शन बघतो, एक ईमेल, एक राउटिंग, एक डीएनएस. प्रत्येक गटाला एक-दोन किंवा तीन चेअर असतात. विषयांप्रमाणे हे गट 'एरिया'मध्ये विभागलेले असतात आणि प्रत्येक एरियावर एरिया डायरेक्टर असतात. हे सगळे डायरेक्टर आणि आयईटीएफचे अध्यक्ष मिळून आयईएसजी नावाची समिती होते. चौदा-पंधरा माणसांची. कुठलाही ड्राफ्ट आयईटीएफचं स्टँडर्ड होण्याआधी या समितीच्या हाताखालून जातो.

यांना निवडतं कोण? दहा मतदार असलेली एक निवड समिती. तिचे मतदार चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले जातात. स्वयंसेवकांची यादी जाहीर होते, लॉटरीच्या निकालासारखे आधी कोणालाच ठाऊक नसलेले आकडे घेतले जातात, आणि त्यावरून गणिताने दहा नावं निघतात. कोणीही घरी बसून तो हिशेब पडताळू शकतो. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त मतदार चालत नाहीत. इतकी काळजी घेतलेली आहे.

आणि पगार? आयईटीएफचं प्रशासन बघणारी एक कंपनी २०१८ मध्ये स्थापन झाली. ती कार्यालयीन कर्मचाऱ्यांना, बैठकांची व्यवस्था करणाऱ्यांना आणि दस्तऐवजांचं संपादन करणाऱ्यांना पैसे देते. पण चेअर आणि एरिया डायरेक्टर यांना त्या कामाचा पगार मिळत नाही. त्यांचा पगार ते जिथे नोकरी करतात तिथून येतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख तिच्यावरच उभा आहे.

एरिया डायरेक्टरच्या टेबलावर काय काय येतं?

समजा तुम्ही एक ड्राफ्ट लिहिला. गटाने तो स्वीकारला, त्यावर वर्ष-दोन वर्षं वाद घातला, दहा-वीस आवृत्त्या काढल्या. एनक्रिप्शनच्या टीएलएस १.३ चंच उदाहरण घ्या. ब्राउझरमध्ये 'एचटीटीपीएस' दिसतं तेव्हा त्यामागे टीएलएसच असतं. त्याचा पहिला ड्राफ्ट २०१४ मध्ये आला. मग २८ क्रमांकापर्यंत ड्राफ्ट निघाले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये आरएफसी ८४४६ प्रसिद्ध झाला.

गटाचं समाधान झालं की ड्राफ्ट एरिया डायरेक्टरकडे जातो. तो अथपासून इतिपर्यंत वाचायचा. शंका लिहून पाठवायच्या. उत्तरं आली की परत वाचायचं. मग सगळ्या आयईटीएफसाठी निदान दोन आठवडे हरकती मागवायच्या. त्यानंतर ड्राफ्ट समितीपुढे येतो आणि बाकीचे डायरेक्टरही तो वाचतात, मग विषय त्यांच्या एरियातला असो वा नसो. कोणीही एकाने 'डिस्कस' असा शेरा मारला की गाडी थांबते. शेरा मारणाऱ्याने कारण द्यायचं, लेखकांनी उत्तर द्यायचं, आणि अडचण सुटली की शेरा काढायचा. 

समितीची बैठक साधारण दर दोन आठवड्यांनी होते. त्याआधी वाचायचा मजकूर चारशे-पाचशे पानांपर्यंत जाऊ शकतो. रोजची तीसेक पानं झाली, रविवार धरून. आणि ही पानं चाळून चालत नाहीत. "इथे 'करावे' लिहिलंय, 'केलेच पाहिजे' हवं का?" अशा एका शब्दावर लाखो फोन एकमेकांशी बोलणार की नाही हे ठरू शकतं.

हे झालं फक्त वाचन. शिवाय आपल्या हाताखालचे दहा-बारा गट सांभाळायचे. नवीन गट सुरू करायचा तर त्याची सनद लिहून घ्यायची. चेअर नेमायचे, आणि ते कंटाळून गेले की नवे शोधायचे. दोन लेखकांचं भांडण झालं तर मध्ये पडायचं. कोणी निर्णयाविरुद्ध अपील केलं तर ते ऐकायचं. जुन्या आरएफसीमध्ये कोणी चूक दाखवली तर ती खरी आहे का ते तपासायचं. वर्षातल्या तीन बैठकांना आठवडाभर सकाळी नाश्त्यापासून रात्रीपर्यंत हजर राहायचं.

दोन वर्षांची मुदत असलेलं हे 'स्वयंसेवी' पद म्हणजे निदान अर्धवेळ नोकरी आहे. बऱ्याच जणांसाठी त्याहून जास्त.

काम वाढलं कसं?

पहिलं कारण सरळ आहे: कागद वाढले. पहिला आरएफसी एप्रिल १९६९ चा. हजारावा यायला १९८७ उजाडलं, म्हणजे १८ वर्षं लागली. तिथून ९००० पर्यंत पोचायला ३४ वर्षं. पहिल्या टप्प्यात वर्षाला सरासरी पंचावन्न, दुसऱ्यात सव्वादोनशेच्या वर. सगळे आरएफसी आयईटीएफचे नसतात, पण बहुतेक असतात.

दुसरं कारण म्हणजे कागद जाडही झाले. टीएलएसची पहिली आवृत्ती १९९९ ची, ८० पानांची. टीएलएस १.३ बरोबर दुप्पट, १६० पानांची. आणि क्विकचा आरएफसी ९००० एकटा येत नाही, त्याला समजून घ्यायला बरोबरची भावंडंही वाचावी लागतात.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: तपासायच्या गोष्टींची यादी लांबत गेली. सुरुवातीच्या काळात दोन यंत्रं एकमेकांशी बोलली की लोक खूश असायचे. मग प्रत्येक दस्तऐवजात सुरक्षिततेचा विभाग हवाच, असं ठरलं. नंतर वेगवेगळ्या भाषा आणि लिप्यांचा विचार आला. २०१३ मध्ये खाजगीपणाचा विचार कसा करायचा याचं मार्गदर्शन आलं. त्याच वर्षी एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी सरकारच्या पाळतीची कागदपत्रं उघड केली. मे २०१४ मध्ये आयईटीएफने आरएफसी ७२५८ मध्ये जाहीर केलं की सगळ्यांवर सरसकट पाळत ठेवणं हा तांत्रिक हल्लाच आहे, आणि प्रोटोकॉल बनवताना त्याचा विचार करायला हवा.

यातली एकही गोष्ट अनावश्यक नाही. उलट, तुमच्या-माझ्या फोनसाठी चांगलीच आहे. पण यादीत ओळ वाढली की कोणाच्या तरी रविवारात तासही वाढतो. ओळ घालणारे बरेच, तास देणारे तेच पंधरा.

ही तक्रार नवीन नाही. मे २००४ मध्ये आयईटीएफने स्वतःच्याच अडचणींची यादी करणारा एक आरएफसी काढला, क्रमांक ३७७४. वरच्या समितीवर कामाचा भार जास्त आहे आणि संस्थेची रचना तिच्या वाढलेल्या आकाराला पुरत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. मला त्यांचं कौतुक वाटतं. आपली दुखणी क्रमांक देऊन जगासमोर ठेवणाऱ्या संस्था किती असतील?

पण लिहिलं म्हणून दुखणं गेलं नाही. २०१३ मध्ये ट्रान्सपोर्ट एरियाच्या डायरेक्टरची जागा भरताना निवड समितीची दमछाक झाली. हा एरिया नेटवर्कवर गर्दी झाली की डेटाचा वेग कसा आवरायचा हे बघतो. त्यातले जाणकार मुळात कमी. त्यातही दोन वर्षं एवढा वेळ देऊ शकणारे आणि ज्यांचा मालक तयार आहे असे त्याहून कमी. डायरेक्टरकडे हे ज्ञान असलंच पाहिजे का, यावर मग मोठा जाहीर वाद झाला.

माझ्या इनबॉक्समधला ईमेल

आता माझी गोष्ट. मी पुण्यात एका कंपनीत नेटवर्किंगचं सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या कामात एक आरएफसी सारखा लागायचा. त्यातली एक ओळ मला कळेना, म्हणून तीन वर्षांपूर्वी मी त्या गटाला ईमेल केला. उत्तर त्या आरएफसीच्या लेखकाकडूनच आलं: "तुमचं बरोबर आहे, ते वाक्य दोन अर्थी झालंय." मी दिवसभर हवेत होते.

मग मी त्या गटात रमले. ड्राफ्ट वाचायचे, चुका कळवायच्या, बैठकीत टिपणं घ्यायची. बैठक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असेल तर तिथली सकाळी साडेनऊची वेळ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे दहा. घरातले झोपलेले, मी हेडफोन लावून टिपणं काढतेय. पुढे गटाने मला सेक्रेटरी केलं. हो, सेक्रेटरीच! बाबा खूप हसले.

मागच्या वर्षी एरिया डायरेक्टरचा ईमेल आला. गटाचे एक चेअर पद सोडतायत, तुम्ही सह-चेअर व्हाल का?

मी आधी मॅनेजरला विचारलं. माणूस चांगला आहे. त्याने मनापासून अभिनंदन केलं आणि मग विचारलं, "आठवड्याला किती तास?" मी म्हटलं, एरवी पाच-सहा, बैठकीच्या आठवड्यात सगळाच वेळ. तो म्हणाला, "कर ना, पण ऑफिसचं काम सांभाळून. अप्रेझलमध्ये मला हे कुठे दाखवता येणार नाही. आणि परदेशी बैठकांच्या खर्चाचं तर विचारूच नकोस."

चार दिवस विचार केला. घराचा हप्ता आहे, प्रवासाला रोज दीड-दोन तास जातात, आणि झोपही हवी असते. शेवटी मी नाही म्हणून कळवलं. डायरेक्टरचं उत्तर तासाभरात आलं. त्यांनी समजून घेतलं होतं, आणि माझ्याऐवजी कोण योग्य वाटतं तेही विचारलं होतं. ईमेल पाठवल्याची वेळ बघितली. त्यांच्याकडे रात्रीचे दीड वाजले होते.

शेवटी ज्यांनी होकार दिला त्या खरंच हुशार आहेत. गट उत्तम चालवतात. त्या एका मोठ्या कंपनीत आहेत, आणि स्टँडर्ड्सचं काम हाच त्यांच्या नोकरीचा भाग आहे.

मग बिघडलं काय?

गट तर नीट चाललाय. मग तक्रार कसली?

तक्रार कोणा व्यक्तीबद्दल नाहीच. दारावर कोणी पहारेकरी उभा नव्हता. मला कोणी अडवलं नाही, उलट आग्रहाने आत बोलावलं. पण दार इतकं जड झालंय की ते ढकलायला मागे एखादी मोठी कंपनी लागते. म्हणून मी कामाच्या ओझ्याकडे फक्त 'बिचाऱ्यांची दमणूक' म्हणून बघत नाही. पद जितकं जड, तितके ते उचलू शकणारे कमी. आणि जे उचलू शकतात ते साधारण एकाच प्रकारच्या नोकऱ्यांतून, एकाच प्रकारच्या देशांतून येतात. नियम म्हणतो की प्रत्येकजण व्यक्ती म्हणून येतो. ते खरंही आहे, लोक प्रामाणिकपणे तसं वागतातही. पण त्या व्यक्तीचा वेळ कोणीतरी विकत घेतलेला असतो. खाजगीपणावर काम करणाऱ्या छोट्या संस्था, कॉलेजमधले प्राध्यापक, लहान कंपन्या, स्वतःच्या हिमतीवर आलेले लोक, हे हळूहळू गळत जातात.

टेबलाभोवती कोण बसलंय याने फरक पडतो का? एक मराठी उदाहरण देते. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. आपल्याला फरक लगेच दिसतो. कॉम्प्युटरवर तो दाखवायची एक जुनी पद्धत अशी होती: पाय मोडलेल्या 'र'नंतर एक न दिसणारं चिन्ह टाकायचं. २००३ साली वेबसाइटच्या पत्त्यांत वेगवेगळ्या लिप्या वापरण्याचे नियम आले, तेव्हा हे न दिसणारं चिन्ह पत्त्यातून सरळ गाळलं जायचं. म्हणजे दरीत उतरायला निघालेला माणूस समुद्रावर पोचायचा! ऑगस्ट २०१० मध्ये आरएफसी ५८९२ आला. त्यात नियम झाला की पाय मोडलेल्या अक्षरानंतर आलं असेल तर हे चिन्ह चालेल. आज 'ऱ' या स्वतंत्र अक्षरानेही तेच काम होतं. पण तो एक नियम होण्यासाठी भारतीय लिप्यांत हे चिन्ह अर्थ बदलतं, हे कोणाला तरी ठाऊक असावं लागलं, त्याने ते मांडावं लागलं, आणि वरच्या कोणाला तरी ते शांतपणे वाचायला वेळ असावा लागला.

तो शांत वेळच आता आटत चाललाय. दोन आठवड्यांत पाचशे पानं वाचणाऱ्या माणसाला अशी बारीक गोष्ट दिसेलच याची खात्री कोण देणार?

उपाय काय काय झाले?

लोक हात बांधून बसलेले नाहीत. २००४ पासून अनुभवी स्वयंसेवकांची एक तुकडी अध्यक्षांसाठी ड्राफ्ट आधीच वाचून देते. सुरक्षेसाठीही अशीच वेगळी तुकडी आहे. डायरेक्टरला निदान कुठे थांबून वाचायचं ते कळतं.

एका एरियाला जास्तीत जास्त दोन डायरेक्टर, असा जुना दंडक होता. २०१५ मध्ये आरएफसी ७४७५ काढून तो काढून टाकला. आयईटीएफमध्ये हातभार लावणारा माणूस वाढवायलाही आधी एक दस्तऐवज लिहावा लागतो, याची मला गंमत वाटते! २०२४ मध्ये काही एरियांची फेरमांडणी झाली. ट्रान्सपोर्टचं काम वेबशी संबंधित काही गटांबरोबर एका नव्या एरियात आलं, म्हणजे ओझं जरा सारखं वाटलं जावं.

सरळ पगारच का देत नाहीत? हा प्रश्न मलाही पडला होता. पगार दिला तर लहान कंपनीतला माणूसही येऊ शकेल, हे खरं. पण दोन वर्षांच्या पदासाठी चालू नोकरी कोण सोडणार? परत आल्यावर जागा मिळेल का? शिवाय रोज प्रोटोकॉल बनवणारा इंजिनिअर हळूहळू फक्त फायली बघणारा अधिकारी होईल, ही भीतीही खोटी नाही.

इतर संस्थांनी वेगळे रस्ते धरलेत. फोरजी-फाइव्हजीचे नियम करणाऱ्या थ्रीजीपीपीमध्ये कंपन्याच आपली माणसं पाठवतात, उघडपणे कंपनीची म्हणून. आयएसओमध्ये देश मत देतात, भारताच्या वतीने भारतीय मानक ब्युरो. तिथे वेळेचा प्रश्न कमी असेल, पण तुम्ही-आम्ही घरून ईमेल टाकून आत शिरू शकत नाही. आयईटीएफचं दार उघडं आहे, म्हणून तर त्याच्या वजनाची काळजी करायची.

मला विचाराल तर उपाय दोन बाजूंनी हवा. पद हलकं करायचं: प्रत्येक डायरेक्टरने प्रत्येक पान वाचलंच पाहिजे हा आग्रह सोडायचा, आपापल्या विषयापुरतं बघायचं, आणि थकलेले गट वेळेवर बंद करायचे. आणि कंपन्यांनी, आपल्याकडच्या कंपन्यांनीसुद्धा, हे काम अप्रेझलच्या तक्त्यात आणायचं. आपली उत्पादनं या फुकटच्या नियमांवरच उभी आहेत. आठवड्याचे सहा तास ही त्याची फार मोठी किंमत नाही.

तुम्ही काय करू शकता?

चेअर व्हा असं मी म्हणणार नाही, मी स्वतःच झाले नाही. पण छोटी कामं खूप आहेत आणि ती वरच्यांचं ओझं खरंच कमी करतात. आरएफसीमध्ये चूक सापडली तर ती कोणीही कळवू शकतं, विद्यार्थीसुद्धा. ड्राफ्ट वाचून "तिसऱ्या विभागातलं हे वाक्य मला कळलं नाही" असं लिहिणं हाही रिव्ह्यूच असतो, आणि नवख्या माणसालाच तो चांगला जमतो. बैठकीला ऑनलाइन हजर राहता येतं. फी परवडत नसेल तर माफीची सोय आहे. आणि टिपणं घ्यायला माणूस कुठल्याच गटाला पुरत नाही. इंग्रजी अस्खलित नसलं तरी चालतं, तिथल्या निम्म्या लोकांची ती मातृभाषा नसावी असंच मला ऐकताना वाटतं.

बाबांच्या सोसायटीचं पुढे काय झालं? सातव्या वर्षी त्यांनी सभेत फाइलच चार भागांत फाडली. पावत्या एकाकडे, पाणी एकाकडे, लिफ्ट एकाकडे, पत्रव्यवहार एकाकडे. तेव्हा कुठे चार हात वर आले. त्यातला एक हात पहिल्या मजल्यावरच्या, नुकत्याच कॉलेजला जाऊ लागलेल्या मुलीचा होता. सगळी फाइल एकदम दिली असती तर तो हात कधीच वर आला नसता.

मी अजूनही गटाची सेक्रेटरी आहे. आज रात्री दहाला बैठक आहे, आणि त्याआधी तेवीस पानं वाचायची आहेत.